विश्लेषण : ज्वालामुखीची शिखरे राणीच्या नावे करणारा माओरी सरदार… होरोनुकू यांनी डोंगर दिला, की वाचवला?

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी टोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू हे तीन ज्वालामुखी शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांच्या अंगाखांद्यावरून जाणारी चार दिवसांची पायवाट जगभरच्या ट्रेकर्सच्या यादीत असते. या वाटेवरचे प्रत्येक माहितीपत्रक एका माणसाचे नाव घेते. होरोनुकू ते हेउहेउ. १८८७ मध्ये या माओरी सरदाराने तिन्ही शिखरे ब्रिटिश राणीच्या नावे लिहून दिली आणि त्यातून न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. सव्वाशे वर्षे ही गोष्ट एका उदार दानाची म्हणून सांगितली गेली. मात्र २०१३ मध्ये न्यूझीलंडच्याच वाइटांगी न्यायाधिकरणाने हे दान नव्हतेच, असा निष्कर्ष काढला. मग ते काय होते? आणि ज्या डोंगराकडे पूर्वज म्हणून पाहायचे, तोच डोंगर लिहून देण्याची वेळ होरोनुकू यांच्यावर का आली?

ही पायवाट नेमकी कशी आहे?

तिचे नाव टोंगारिरो नॉर्दर्न सर्किट. फाकापापा गावातून निघून न्गाउरुहोएला वळसा घालत पुन्हा तिथेच परत यायचे. अंतर साधारण ४५ ते ५० किलोमीटर, मुक्काम तीन. मुक्काम ‘हट’मध्ये करायचा. हट म्हणजे डोंगरात बांधलेली, रांगेने बाकडी आणि गाद्या टाकलेली साधी खोली. मांगातेपोपो, ओतुरेरे आणि वाइहोहोनू या तीन हट एकमेकींपासून साधारण दिवसभराच्या चालीवर आहेत. हंगामात आधी बुकिंग करावे लागते. स्लीपिंग बॅग, खाणे आणि गरम कपडे मात्र स्वतःच्याच पाठीवर.

दुसरा दिवस सगळ्यांत दमवणारा. मांगातेपोपोची दरी संपली की चढ सुरू होतो. मग साउथ क्रेटर हे सपाट, रखरखीत मैदान, आणि त्यापुढे १,८८६ मीटर उंचीवरचे रेड क्रेटर. इथली माती खरोखरच लाल आहे, कारण खडकातल्या लोखंडाचे उच्च तापमानात ऑक्सिडीकरण झाले आहे. पलीकडे घसरड्या राखेवरून उतरताना खाली हिरवीगार तळी दिसतात. हा रंग ज्वालामुखीय खडकांतून झिरपलेल्या खनिजांचा. एका दिवसात ‘टोंगारिरो क्रॉसिंग’ करणारे पर्यटक इथून उत्तरेला निघून जातात. हट-ते-हट जाणारे पूर्वेला ओतुरेरेच्या खोऱ्यात उतरतात आणि गर्दी एकदम मागे पडते. गोठलेल्या लाव्हाचे ओबडधोबड सुळके, मग रांगिपोचे माळरान. पाऊस भरपूर पडूनही त्याला वाळवंट म्हणतात, कारण राखेच्या जमिनीत पाणी ठरत नाही आणि वारा काही उगवू देत नाही.

वाइहोहोनूला नव्या हटपासून थोड्या अंतरावर एक जुनी, लाल रंगाची पत्र्याची हट जपून ठेवली आहे. ती १९०४ च्या सुमाराची. घोडागाडीने येणाऱ्या प्रवाशांसाठी बांधलेल्या या हटच्या दुहेरी भिंतींत थंडी अडवायला प्यूमिस भरला आहे. आपण टाचा घासायला वापरतो तोच हलका, सच्छिद्र दगड. ज्वालामुखीनेच बाहेर टाकलेला आणि फुकट मिळणारा.

ही हट उभी राहिली तेव्हा होरोनुकू यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.

‘होरोनुकू’ म्हणजे भूस्खलन! असे नाव का?

हे त्यांचे जन्मनाव नव्हते. लहानपणीचे नाव पाताताई. टाउपो सरोवराच्या दक्षिण काठावरच्या न्गाती तूफारेतोआ या जमातीचे सर्वोच्च सरदार माननुई ते हेउहेउ यांचे ते पुत्र. माननुई हे नाव त्या काळी बेटभर दबदबा असलेले. १८४० मध्ये ब्रिटिशांनी माओरी सरदारांशी वाइटांगी करार केला, तेव्हा माननुई यांनी सही करायला साफ नकार दिला. त्यांचा धाकटा भाऊ इविकाउ सही करून, भेट मिळालेल्या घोंगड्या घेऊन आला होता. माननुई यांनी त्या घोंगड्या परत पाठवायला लावल्या. आपण कोणा परक्या राणीच्या हाताखाली नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे त्यांच्याच मुलाने त्याच राणीच्या नावे डोंगर लिहून दिला, हे वाचताना ती भूमिका लक्षात ठेवायला हवी.

७ मे १८४६ रोजी सरोवराकाठच्या ते रापा गावावर मागचा डोंगर कोसळला. इथल्या टेकड्यांतून गंधकाची गरम वाफ सतत निघत असते. ती खडकाला आतून कुजवते, त्याची चिकणमाती होते आणि मग एखाद्या जोरदार पावसात अख्खा उतार चिखल होऊन खाली येतो. त्या रात्री सुमारे ६० माणसे गाडली गेली. त्यांत माननुई होते. या घटनेची आठवण म्हणून मुलाने होरोनुकू, म्हणजे ‘सरकलेली जमीन’, हे नाव धारण केले.

वडिलांच्या अस्थी पुढे टोंगारिरोवर नेण्यात आल्या. त्या विवराजवळच्या गुहेत ठेवायचा विचार होता. पण परंपरा सांगते, की डोंगर गुरगुरू लागला आणि वाहून नेणाऱ्यांनी त्या वाटेतच एका कपारीत ठेवल्या. अस्थी तिथेच राहिल्या. हा तपशील पुढच्या व्यवहारात महत्त्वाचा ठरतो.

डोंगर पवित्र होता, म्हणजे काय होता?

न्गाती तूफारेतोआ यांच्या वंशकथेत न्गातोरोइरांगी हा पुरोहित पूर्वज येतो. नव्या भूमीवर हक्क सांगण्यासाठी तो टोंगारिरोवर चढला आणि दक्षिणेच्या वाऱ्यात गारठून मरायला टेकला. त्याने दूर हवाइकीतल्या बहिणींना हाक घालून अग्नी मागितला. अग्नी समुद्राखालून निघाला, फाकाआरी बेट आणि रोटोरुआ इथे वर डोकावत शेवटी टोंगारिरोतून बाहेर पडला आणि न्गातोरोइरांगी वाचला. कथेतल्या या थांब्यांचा नकाशा मांडला तर तो आजच्या टाउपो ज्वालामुखी पट्ट्याशी जवळपास तंतोतंत जुळतो. डोंगराचे नावही तिथलेच. टोंगा म्हणजे दक्षिणवारा, रिरो म्हणजे वाहून नेलेला.

त्यामुळे डोंगर हा देखावा नव्हता, पूर्वज होता. त्याच्यावर ‘तापू’ होता. तापू म्हणजे सोवळे, बंदी आणि धाक हे तिन्ही एकत्र. रांगिपोच्या माळावरून जाणारे प्रवासी शिखराकडे नजर जाऊ नये म्हणून डोळ्यांवर पानांची झापड लावत, असे सांगितले जाते. १८३९ मध्ये जॉन बिडविल हा युरोपीय वनस्पतिप्रेमी न्गाउरुहोए चढून गेला तेव्हा माननुई संतापले होते. दोन वर्षांनी आलेल्या अर्न्स्ट डीफनबाख या निसर्गशास्त्रज्ञाला त्यांनी परवानगीच दिली नाही. आजच्या भाषेत, त्या डोंगरावरचे पहिले ‘नो एंट्री’.

बंडखोर, मग कैदी

माननुई यांच्यानंतर सरदारकी भाऊ इविकाउ यांच्याकडे गेली. १८५६ मध्ये त्यांनी पूकावा इथे मोठी सभा भरवली. जमिनी एकेक करून गोऱ्या वसाहतवाद्यांकडे जात होत्या. त्या थांबवायच्या तर सगळ्या जमातींचा मिळून एक राजा हवा, असा विचार होता. सभेत एक उंच खांब रोवला होता आणि त्यावरून दोर सोडले होते. एकेक दोर एकेका जमातीच्या डोंगराच्या नावाचा. त्या त्या जमातीच्या सरदाराने आपला दोर जमिनीत पक्का करायचा. मधला खांब टोंगारिरोचा. राजकीय आघाडीचे इतके साधे आणि नेमके चित्र क्वचितच कुणी मांडले असेल. १८५८ मध्ये पोतताउ ते फेरोफेरो हे पहिले माओरी राजे झाले.

१८६२ मध्ये इविकाउ वारले आणि होरोनुकू चौथे ते हेउहेउ झाले. हाती आला तो युद्धाचा काळ. १८६३ मध्ये वसाहतीच्या सैन्याने राजाच्या मुलखावर, वाइकातोवर चढाई केली. होरोनुकू राजाच्या बाजूने उभे राहिले. राजाचा पक्ष हरला आणि वाइकातोच्या लाखो एकर जमिनी सरकारजमा झाल्या.

त्यानंतर आला ते कूती. चॅटम बेटावरच्या कैदेतून १८६८ मध्ये सुमारे ३०० जणांसह निसटलेला हा बंडखोर आणि धर्मसंस्थापक पुढच्याच वर्षी टाउपोत पोहोचला. होरोनुकू त्याला सामील झाले. ते मनापासून की दबावाखाली, यावर आजही दोन मते आहेत. ४ ऑक्टोबर १८६९ रोजी टोंगारिरोच्या पायथ्याशी ते पोरेरे इथे निर्णायक लढाई झाली. ते कूतीने मातीचा आणि प्यूमिसचा गढीसारखा तट बांधला होता, पण त्यात एक ढोबळ चूक होती. बंदुकीच्या झरोक्यांना खालच्या बाजूला उतार दिला नव्हता. त्यामुळे शत्रू भिंतीला खेटला की आतल्यांना खाली नेमच धरता येईना. ते कूतीचे ३७ जण मारले गेले. तो स्वतः निसटला.

होरोनुकू शरण आले. काही महिने त्यांना हॉक्स बे भागात देखरेखीखाली ठेवले आणि मग घरी जाऊ दिले. सरकारी फौजेत लढणारे बहुसंख्य माओरीच होते, हे इथे नोंदवायला हवे. त्यातल्या एका तुकडीचे नेते होते फांगानुई भागातले मेजर ते कीपा. सोळा वर्षांनी हे दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी न्यायालयात.

बंदुकीपेक्षा न्यायालय जास्त धोकादायक का होते?

कारण बंदुकीने जमीन घ्यायला खर्च येतो. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या नेटिव्ह लँड कोर्टाने तो खर्च माओरींच्याच माथी मारला.

माओरी जमीन सामूहिक होती. एखादा माणूस ती विकू शकत नव्हता, कारण ती त्याची एकट्याची नव्हतीच. न्यायालयाने या जमिनींना इंग्रजी पद्धतीचे मालकीपत्र द्यायला सुरुवात केली. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर वेगवेगळी नावे चढवली. सुरुवातीच्या कायद्यात कितीही मोठा जमिनीचा तुकडा असला तरी मालक म्हणून जास्तीत जास्त दहाच नावे लागत. बाकीचे शेकडो लोक कागदावरून गायब. पुढे सगळ्यांची नावे घेण्याचा नियम आला, पण त्याने प्रत्येकाचा हिस्सा सुटा आणि म्हणून विकाऊ झाला.

यातला खरा सापळा वेगळाच होता. कोणीही एक जण दावा दाखल करू शकत होता. दावा लागला की बाकीच्यांना यावेच लागे, नाहीतर हक्क बुडाला. मोजणीचा खर्च, कोर्टाची फी, महिनोन्‌महिने गावात मुक्काम, दुकानदाराची उधारी. खटला जिंकला तरी कर्ज फेडायला जमीन विकावी लागे. नकार देणाऱ्यालाही ओढून आत घेणारी ही यंत्रणा होती.

टाउपोच्या आसपासच्या जमातींनी बराच काळ हे न्यायालय बाहेर ठेवले. १८८३ मध्ये चार जमातींनी मिळून संसदेकडे अर्ज केला, की आमच्या मुलखाची हद्द ठरवा आणि आतली जमीन आम्हाला आमच्या पद्धतीने सांभाळू द्या. पण १८८५ मध्ये याच मुलखातून जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गाचे काम सुरू झाले. सरकारला जमीन हवी होती आणि जमातींमध्ये हद्दीचे जुने वाद होतेच. शेजारचे कोणी आधी दावा लावेल, या भीतीने होरोनुकू यांनी टाउपोनुइआतिआ या अवाढव्य प्रदेशासाठी स्वतःच अर्ज केला. त्यामुळे चार जमातींची एकजूट मोडली, हा आरोप त्यांच्यावर झाला आणि तो अगदीच निराधार नाही. पण वाट पाहत बसण्याचीही किंमत होतीच.

जानेवारी १८८६ मध्ये टाउपोत सुनावणी सुरू झाली. इथली एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. माओरी प्रथेत जमिनीवरच्या हक्काची खूण म्हणजे ‘आही का’, अर्थात सतत पेटती चूल. जिथे तुमची चूल विझली नाही, ती जमीन तुमची. समोरच्या बाजूने ते कीपा यांनी होरोनुकू यांना डिवचले, की तुझी चूल कुठे आहे ते दाखव. होरोनुकू यांनी दरवाजाबाहेर हात केला. तिकडे ज्वालामुखी धुमसत होता. ती आपल्या पूर्वजाने पेटवलेली चूल आहे आणि ती कधीच विझलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यापुढे वाद घालायला जागा उरली नाही, असे कथा सांगते.

प्रत्यक्षात जागा उरलीच. पूर्वजाचा अग्नी हा पुरावा माओरींमध्ये अंतिम असेल, पण न्यायालयाच्या नकाशावर डोंगर म्हणजे तुकडे पाडण्याजोगे गट होते. पायथ्याची जमीन गटागटांत विभागली जात होती आणि उद्या ते गट विकले जाणार, हे उघड होते. मेंढ्यांची कुरणे शिखरापर्यंत चढायला वेळ लागला नसता.

मग लिहून देण्याची कल्पना कोणाची?

नोंदींत नाव येते लॉरेन्स ग्रेस यांचे. ते पूकावाला राहिलेल्या मिशनऱ्याचे पुत्र, त्या वेळी संसद सदस्य आणि होरोनुकू यांचे जावई. डोंगर राणीच्या संरक्षणाखाली ठेवला, तर तो कायमचा अविभाज्य आणि तापू राहील, अशी त्यांची मांडणी होती. मूलनिवासी खात्याचे मंत्री जॉन बॅलन्स यांच्याशी पत्रव्यवहार झाला. सरकारला या भागात रस होता. जून १८८६ मध्ये तारावेरा ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सुमारे १२० माणसे गेली होती आणि जगप्रसिद्ध गुलाबी-पांढऱ्या पायऱ्यांचे पर्यटनस्थळ नष्ट झाले होते. रेल्वे येत होती. अमेरिकेने १८७२ मध्ये यलोस्टोन राखून ठेवले होते. नव्या आकर्षणासाठी धुमसता डोंगर उत्तमच.

थोडक्यात, एकाच कागदावर दोन वेगळ्या गरजा येऊन भेटल्या.

२३ सप्टेंबर १८८७ रोजी होरोनुकू यांनी दस्तावर सही केली. तिन्ही शिखरांभोवतीची मिळून ६,५०८ एकर, म्हणजे साधारण २,६०० हेक्टर जमीन. सोबत त्यांच्या काही अपेक्षा होत्या. मुलगा तुरेइती याचे नाव विश्वस्तांत असावे. कायदा व्हावा. आणि डोंगरावरच्या वडिलांच्या अस्थी सरकारने सन्मानाने खाली आणून त्यांची समाधी बांधावी. ही शेवटची मागणी सगळ्यांत बोलकी आहे. जमिनीचा व्यवहार करणारा माणूस सहसा अशी अट घालत नाही. ज्याला आपल्या घरात भागीदार म्हणून घ्यायचे, त्याला आधी वडीलधाऱ्यांची जबाबदारी सांगितली जाते.

जुलै १८८८ मध्ये, सही करून वर्षही झाले नव्हते, तोच होरोनुकू वाइही इथे वारले. कायदा झालेला त्यांनी पाहिला नाही. वडिलांच्या अस्थी खाली आल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

सरकारने डोंगराचे काय केले?

१८९४ मध्ये टोंगारिरो राष्ट्रीय उद्यान कायदा झाला. जगातले चौथे राष्ट्रीय उद्यान म्हणून ते सहसा मोजले जाते. तुरेइती यांना विश्वस्त मंडळात जागा मिळाली, पण निर्णय सरकारच्या हाती राहिले. उद्यानासाठी आजूबाजूच्या जमिनी घेतल्या जात राहिल्या आणि त्या सगळ्याच राजीखुशीने दिलेल्या नव्हत्या. २,६०० हेक्टरचे उद्यान आज जवळपास ८० हजार हेक्टरचे आहे. रुआपेहूच्या दक्षिण आणि पश्चिम उतारांवरच्या जमातींचा तर वेगळाच आक्षेप आहे. आमच्या डोंगराबद्दल आम्हाला कोणी विचारले, असा त्यांचा प्रश्न.

उद्यानाचा कारभार कसा चालला याचे एक उदाहरण पहिल्याच दिवशी पायाखाली येते. फाकापापा ते मांगातेपोपो या टप्प्यात उन्हाळ्याच्या शेवटी माळ जांभळ्या फुलांनी भरून जातो. फोटो छान येतात. ही फुले हेदर या स्कॉटलंडमधल्या झुडपाची आहेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जॉन कलन या माजी पोलीस आयुक्ताने ते मुद्दाम लावले. ग्राउज पक्षी आणून शिकारीचे रान करायचा बेत होता. पक्षी टिकले नाहीत, झुडूप मात्र हजारो हेक्टरवर पसरले आणि स्थानिक गवताचा घास घेत आहे. १९२९ मध्ये फाकापापाला आलिशान हॉटेल उघडले, मग स्की करण्याच्या सोयी आल्या. पूर्वी डोळे झाकून जायच्या त्या डोंगराच्या अंगावर तारांचे पाळणे लागले.

दान की ‘तुकु’?

इथे मुद्दा भाषेचा आहे आणि तोच कायद्याचाही आहे. इंग्रजी दस्तात ‘गिफ्ट’ हा शब्द होता. इंग्रजी कायद्यात बक्षीसपत्र झाले की देणाऱ्याचा संबंध संपतो. माओरी संकल्पना आहे ‘तुकु’. तुकु म्हणजे एखादी मौल्यवान गोष्ट दुसऱ्याच्या हाती सोपवणे, पण त्यामुळे नाते संपत नाही, सुरू होते. घेणाऱ्यावर कायमचे कर्तव्य येते आणि देणाऱ्याचा मान तसाच राहतो. होरोनुकू यांनी राणीला डोंगराची मालकीण केले नाही, आपल्याबरोबरीची रखवालदार केले, असा हा अर्थ.

१८४० च्या करारभंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइटांगी न्यायाधिकरणाने ‘ते काहुई मउंगा’ या अहवालात हाच अर्थ मान्य केला. होरोनुकू यांना भागीदारी अभिप्रेत होती, सरकारने ती पाळली नाही, असे अहवाल म्हणतो. उद्यान सरकारी विभागाच्या एकट्याच्या ताब्यातून काढून जमाती आणि सरकार यांच्या संयुक्त व्यवस्थेकडे द्यावे, अशी शिफारसही आहे. ती बंधनकारक नाही. २०१८ मध्ये न्गाती तूफारेतोआ यांच्याशी सरकारने नुकसानभरपाईचा समझोता केला, पण उद्यानाचा विषय मुद्दाम बाजूला ठेवून. त्यासाठी सगळ्या संबंधित जमातींशी एकत्र बोलणी व्हायची होती.

याच काळात शेजारी बरेच काही बदलले. फांगानुई नदीला २०१७ मध्ये आणि तारानाकी पर्वताला जानेवारी २०२५ मध्ये कायद्याने ‘व्यक्ती’चा दर्जा मिळाला. दंतकथेनुसार तारानाकी एकेकाळी याच मध्यपठारावर होता. पिहांगा या सुंदर डोंगरासाठी तो टोंगारिरोशी लढला, हरला आणि पश्चिमेला पळाला. हरलेल्या डोंगराला दर्जा आधी मिळाला, असे न्यूझीलंडमध्ये कोणी गमतीने म्हटले तर नवल नाही.

जागतिक पातळीवर मात्र होरोनुकू यांच्या बाजूची नोंद आधीच झाली होती. १९९० मध्ये युनेस्कोने टोंगारिरोला नैसर्गिक वारसास्थळ ठरवले. १९९३ मध्ये त्याच डोंगराला सांस्कृतिक मूल्यासाठीही मान्यता दिली. सांस्कृतिक भूदृश्य या नव्या निकषावर यादीत आलेले ते जगातले पहिले स्थळ. तिथे ना किल्ला आहे, ना मंदिर. फक्त डोंगर आणि त्याच्याशी माणसांचे नाते. २००७ मध्ये जागतिक वारसा समितीचे अधिवेशन क्राइस्टचर्चला झाले, तेव्हा अध्यक्षस्थानी होते तुमू ते हेउहेउ, होरोनुकू यांचे थेट वंशज आणि आठवे सरदार. दिल्लीचा लाल किल्ला वारसा यादीत आला तो याच अधिवेशनात.

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी याचा अर्थ काय?

दस्तात न आलेली एक जागा नकाशावर आजही वेगळी दिसते. टोंगारिरोच्या उत्तर उतारावरचे केतेताही हे गरम पाण्याचे झरे. ती जमीन होरोनुकू यांनी दिली नाही. ती माओरी मालकीची आहे, पर्यटकांना तिथे प्रवेश नाही. वाफ दुरून दिसते, तेवढीच. त्याच उतारावरच्या केतेताही हटवर ६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री ते मारी विवराचा उद्रेक होऊन उडालेले दगड छत फोडून आत पडले. बाकड्यांवर त्या रात्री कोणी नव्हते. नंतर ती मुक्कामासाठी बंदच झाली. म्हणून आता सर्किटवर तीनच हट उरल्या आहेत.

२,२८७ मीटर उंच न्गाउरुहोएचा शंकू ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांतला माउंट डूम म्हणून जगाला माहीत झाला आणि वाट सोडून शिखरावर चढणाऱ्यांची गर्दी वाढली. जमातीच्या विनंतीवरून शिखराकडे नेणाऱ्या खुणा काढून टाकण्यात आल्या आहेत. शिखरावर जाऊ नका, तळ्यांच्या पाण्यात हात-पाय बुडवू नका, असे उद्यान विभाग सांगतो. चढण्यावर कायद्याने बंदी नाही. मांगातेपोपोच्या हटमधून सकाळी निघाले, की दोन-तीन तासांत साउथ क्रेटर येते. तिथून उजवीकडे शंकूचा मोकळा, राखेचा उतार दिसतो. वाटेचे खांब मात्र सरळ पुढे रेड क्रेटरकडे जातात.